गठाण बांधणारं यंत्र: आमच्या गावचा जुना प्रेस आणि पॅट्रिक्रॉफ्टचा कारखाना

तापीकाठचा
नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावाशेजारी एक जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी आहे. मालकांच्या विनंतीवरून गावाचं नाव देत नाही. वीसेक वर्षं ती बंदच आहे. रेचे (जिनातली यंत्रं) केव्हाच विकले गेले, रुई साठवायच्या पाला हाऊसचे पत्रे वादळात उडाले. उरलाय तो एकटा प्रेस, कारण तो हलवणं सोपं नाही. आता आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) तोही गॅसकटरने तोडून भंगारात द्यायचं ठरलंय.

माझे वडील तिथे एकतीस वर्षं फिटर होते. गावात कोणी म्हटलं की "हे जिनात होते", की ते लगेच दुरुस्त करायचे, "जिनात नाही, प्रेसात." लहानपणी मला हा फरक उगाचचा वाटायचा. आता कळतं की त्यांच्यासाठी तो फार मोठा होता. रेचा सरकी आणि रुई वेगळी करतो. पण सुटी रुई म्हणजे ढग. गाडीभर भरली तरी वजन काहीच नाही, आणि एक ठिणगी पडली तर सगळी राख. त्या ढगाची गठाण, म्हणजे दाबून बांधलेली गाठ, करून आगगाडीत, आगबोटीत चढवण्याजोगा माल बनवतो तो प्रेस. सूतगिरण्यांवर खूप लिहिलं गेलंय. खान्देश मिलचा, अमळनेरच्या प्रताप मिलचा भोंगा ऐकलेली माणसं अजून त्याच्या आठवणी सांगतात. बांधणी करणाऱ्या यंत्राबद्दल आणि ते बनवणाऱ्यांबद्दल मात्र मला मराठीत जवळपास काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

प्रेसच्या खांबावर बिडाची एक पाटी आहे. तिच्यावर रंगाचे इतके थर चढलेत की अक्षरं डोळ्यांपेक्षा बोटांनी चांगली वाचता येतात. पहिल्या ओळीत 'नास्मिथ, विल्सन अँड कंपनी लिमिटेड', खाली 'पॅट्रिक्रॉफ्ट, मँचेस्टर'. त्याखाली एक ओळ आहे, ती अजून लागलेली नाही.

हे नास्मिथ कोण, याच्या मागे मी दोन महिने लागलो होतो. जेम्स नास्मिथ, जन्म १८०८, एडिंबरो. वडील चित्रकार. मुलाला यंत्रांचं वेड. लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात तो शिकला आणि १८३४ मध्ये मँचेस्टरला एका इमारतीचा मजला भाड्याने घेऊन स्वतःचा धंदा सुरू केला. एक दिवस तिथे इंजिनाच्या अवजड तुळईचं टोक जमीन फोडून खालच्या मजल्यावरच्या काच कापणाऱ्याच्या दुकानात उतरलं. मग गडी शहराबाहेर पॅट्रिक्रॉफ्टला गेला. जागा अशी निवडली की एका बाजूला ब्रिजवॉटर कालवा आणि दुसऱ्या बाजूला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे. १८३६ साली तिथे ब्रिजवॉटर फाउंड्री उभी राहिली.

नास्मिथचं नाव झालं ते वाफेच्या घणामुळे. 'ग्रेट ब्रिटन' या जहाजाच्या वल्ह्यांच्या चाकांसाठी तीस इंच जाडीचा दांडा घडवायचा होता आणि तो घडवू शकेल असा घण कुठेच नव्हता. नास्मिथने १८३९ मध्ये वाफेने उचलणाऱ्या घणाचं चित्र काढलं, १८४२ मध्ये पेटंट घेतलं. हा घण इतका ताब्यात राहायचा की काचेच्या पेल्यात ठेवलेलं अंडं तो फोडायचा आणि पेला शाबूत ठेवायचा. वडिलांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जोर असणं वेगळं आणि जोर थांबवता येणं वेगळं. प्रेसवाल्याला दुसरं यावं लागतं."

पाटीवरचं दुसरं नाव रॉबर्ट विल्सनचं. हा स्कॉटलंडमधल्या डनबारच्या कोळ्याचा मुलगा, बाप समुद्रात बुडाला. जहाजाला मागून ढकलणाऱ्या मळसूत्री पंख्यावर सुरुवातीला डोकं लढवणाऱ्यांपैकी तो एक. 'ग्रेट ब्रिटन'च्या मालकांनी पुढे चाकांचा बेत सोडून तसाच पंखा बसवला, म्हणजे ज्या दांड्यासाठी घण सुचला तो दांडा लागलाच नाही! विल्सन नास्मिथकडे कारखान्याचा व्यवस्थापक होता, घणाची झडप आपोआप चालवण्याची युक्ती त्याची. १८५६ मध्ये नास्मिथ वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होऊन दुर्बिणीतून चंद्र बघत बसला, आणि कारखाना विल्सनच्या हाती आला. रेल्वे इंजिनं, घण, पाण्याच्या दाबावर चालणारे पंप आणि कापसाच्या गाठी बांधायचे प्रेस हा त्यांचा माल. रेल्वे इंजिनं दीड हजारांहून जास्त केली, हिंदुस्थानातल्या रेल्वेंनाही दिली.

आता पाटीवरून वय काढता येतं. 'नास्मिथ, विल्सन' हे नाव १८६७ चं. 'लिमिटेड' लागलं १८८२ मध्ये, ज्या वर्षी विल्सन वारला. आणि १९४० मध्ये महायुद्धामुळे सरकारने तो कारखाना शस्त्रांसाठी ताब्यात घेतला, तिथे कंपनीची गोष्ट संपते. म्हणजे आमचा प्रेस १८८२ ते १९४० मधला. यापेक्षा नेमकं मला सांगता येत नाही.

तुमच्या भागात असे प्रेस होते का? पाट्यांवर कोणती नावं होती? चालवणारी माणसं कोणी ओळखतं का?

गिरणाकाठ
दादा, वाचताना आमच्या पाचोऱ्याकडच्या प्रेसचा आवाज कानात घुमला. माझे मोठे काका पेटीत उतरायचे. नव्या पोरांना खरं वाटत नाही म्हणून लिहितो. प्रेसला दोन पेट्या, मधल्या खांबाभोवती फिरणाऱ्या. एका पेटीत रुई टाकायची, त्यात माणसं उतरून पायाने तुडवायची. भरली की पेट्या गरकन फिरवायच्या. भरलेली पेटी रुई दाबणाऱ्या दट्ट्यावर जायची आणि रिकामी यांच्यासमोर यायची. काकांच्या नाका-तोंडात रुईचे तंतू जायचे, रोज रात्री गूळ खायचे. खोकला शेवटपर्यंत गेला नाही. पाटीवर मँचेस्टरचं नाव आहे, तुडवणाऱ्यांचं कुठेच नाही. तुमच्या धाग्यात तेही येऊ द्या.

तापीकाठचा
गिरणाकाठ दादा, येऊ द्यायचंच आहे. काकांचं नाव इथे नको, पण माझ्या वहीत लिहून ठेवतो, मला व्यनि (खाजगी निरोप) करा. आमच्याकडे माझ्या आठवणीत तुडवणी यंत्राने व्हायची, पण वडिलांनी सुरुवातीची दोन वर्षं माणसं उतरताना पाहिली आहेत.

यंत्रशाळा_धुळे
मी पॉलिटेक्निकला शिकवतो. मॉडस्लेचं नाव वाचून राहवलं नाही.

पाण्याच्या दाबाचा प्रेस हा जोसेफ ब्रामाचा. त्याचं पेटंट १७९५ चं. तत्त्व पास्कलचं: बंद पाण्यावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. बारीक पंपाने पाणी ढकला, रुंद सिलिंडरमधला दट्ट्या प्रचंड जोराने वर येतो. दट्ट्याचं क्षेत्रफळ पंपाच्या शंभरपट असेल तर जोर शंभरपट. कागदावर दोन ओळींत संपतं. पण प्रत्यक्षात ब्रामाचा प्रेस गळायचा. दट्ट्याच्या भोवतीचं पॅकिंग घट्ट करावं तर दट्ट्या अडकायचा, सैल ठेवावं तर पाणी सुटायचं. तो तिढा सोडवण्याचं श्रेय दिलं जातं त्याच्याकडे काम करणाऱ्या तरुण हेन्री मॉडस्लेला. त्याने चामड्याची वाटीसारखी वळवलेली कडी बसवली. पाण्याचा दाब वाढला की ती कडी आपणच दट्ट्याला जास्त घट्ट बिलगते. दाब गेला की सैल होते. गळती ज्या दाबामुळे व्हायची, त्याच दाबाला तिने पहारेकरी केलं.

आणि याच मॉडस्लेच्या हाताखाली पुढे नास्मिथ शिकला. म्हणजे ब्रामा, मॉडस्ले, नास्मिथ, विल्सन, आणि मग तुमच्या गावातला तो खांब, अशी ही सरळ गुरुपरंपरा आहे. मी दर वर्षी हायड्रॉलिक्स शिकवताना कॉलेजमधल्या छोट्या मॉडेलवर भागवतो. तीस किलोमीटरवर खरा प्रेस उभा आहे हे माहीतच नव्हतं.

तापीकाठचा
सर, तुमचा प्रतिसाद मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. चामड्याच्या कडीपाशी त्यांनी हात वर करून थांबवलं.

त्यांच्या फिटरकीचा निम्मा जीव त्या कडीत होता. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर भरात यायचा, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागायची, आणि नेमकी तेव्हा कडी जायची. गोल चामडं कापायचं, भिजवायचं, लाकडी साच्यात दाबून वाटीचा आकार द्यायचा, मग चरबीत मुरवायचं. हे सगळं उन्हाळ्यातच करून ठेवावं लागायचं. त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात कायम चार कड्या तयार असायच्या. एकदा मालकांच्या नव्या मॅनेजरने बाजारातून तयार कड्या आणल्या. पहिल्याच रात्री पाणी सुटलं, दट्ट्या अर्ध्यावर बसला आणि भरलेली पेटी तशीच अडकली. वडील घरी जेवायला बसले होते. ताटावरून उठून गेले आणि सकाळी सात वाजता परत आले. आई सांगते, भाकरी तशीच झाकून ठेवली होती.

मी त्यांना विचारलं, ही वाटीची युक्ती कोणी शिकवली? म्हणाले, "आधीच्या मिस्त्रीने. त्याला त्याच्या आधीच्याने." सर, तुमची गुरुपरंपरा खांबापाशी थांबत नाही.

सातपुडा_६८
नंदुरबारहून. आमच्याकडच्या एका प्रेसवर 'फॉसेट, प्रेस्टन, लिव्हरपूल' अशी पाटी मी विद्यार्थीदशेत पाहिली आहे. तो प्रेस आता नाही. ही कंपनी नास्मिथपेक्षाही जुनी, १७५८ ची. कोलब्रुकडेल या प्रसिद्ध लोखंडी कारखान्याची लिव्हरपूलमधली शाखा म्हणून सुरू झाली. तोफा ओतल्या, उसाचे चरक केले, जहाजांची इंजिनं केली आणि पुढे गाठी बांधायच्या प्रेससाठी नाव कमावलं.

या कंपनीचा आपल्याशी एक विलक्षण धागा जुळतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला. दक्षिणेने गुपचूप लिव्हरपूलला जहाजं बांधून घेतली. त्यातलं 'फ्लोरिडा' १८६२ मध्ये बाहेर पडलं आणि उत्तरेची कितीतरी व्यापारी जहाजं त्याने धरली, जाळली. 'फ्लोरिडा'चं इंजिन फॉसेट-प्रेस्टनचं. त्याच युद्धाने इकडे खान्देश-वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईत भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. पण खान्देशात तोवर रेल्वे आली होती, भुसावळमार्गे १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. भाव गेला तरी रूळ आणि कापूस इथेच राहिले. त्या रुळांवर माल चढवायचा तर तो घट्ट बांधलेला हवा. वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून घाट उतरणारे सैल बोजे आगगाडीच्या काळात परवडणारे नव्हते. जहाजाचं भाडं तर जागेवर ठरायचं. गाठ जितकी लहान, तितकं मणामागे भाडं कमी. प्रेसची किंमत त्या भाड्याच्या फरकातून निघायची.

रावेरची_केळी
सगळं वाचलं, मनापासून आवडलं. तरी एक सांगते, राग मानू नका. माझे आजोबा कापूसवाले शेतकरी. प्रेस आला, गाठी बांधल्या, जहाजं भरली. शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं? आजोबा म्हणायचे की प्रेसच्या दारात गेलेल्या गाडीला परत फिरता येत नाही. एकदा जिनाच्या अंगणात कापूस ओतला की भाव मालक सांगेल तो. यंत्राचा इतिहास लिहिताना दारातली गाडीही लिहा.

रुईपारखी
रावेरच्या ताई बरोबर बोलल्या. मी चाळीस वर्षं कापसाची प्रतवारी केली, काही काळ एकाधिकार खरेदीच्या (सगळा कापूस सरकारनेच घ्यायच्या योजनेच्या) केंद्रांवरही. तुमच्या आजोबांची तक्रार खरी होती आणि सरकारलाही ती उशिरा का होईना कळली होती. पण भेसळ दोन्हीकडून चालायची. युद्धाच्या तेजीत कापसात पाणी, सरकी, माती घालून वजन वाढवायची इतकी चटक लागली की मुंबई सरकारला १८६३ मध्ये खास 'कॉटन फ्रॉड्स' कायदा करावा लागला. बांधलेल्या गाठीच्या पोटात काय आहे ते लिव्हरपूलला उकलेपर्यंत दिसत नाही ना! म्हणूनच १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणं सक्तीचं केलं. आम्ही त्याला प्रेस मार्क म्हणायचो. गाठ जगात कुठेही फुटू दे, मार्क आणि नंबर बघून कोणत्या गावच्या कोणत्या प्रेसात बांधली ते सांगता यायचं. तापीकाठचा, तुमच्या प्रेसचा मार्क काय होता ते वडिलांना विचारा. ती त्या यंत्राची सही असते.

वजनाचंही लिहितो, हे कुठे एकत्र सापडत नाही. जुनी हिंदुस्थानी गाठ ३९२ पौंडांची धरायचे. अशा दोन गाठी म्हणजे ७८४ पौंड, म्हणजे एक मुंबई खंडी. आज गाठ १७० किलोची झाली, पौंड गेले, तरी रुईचा भाव अजून खंडीवरच बोलला जातो: ३५५.६ किलो. त्या विचित्र आकड्याच्या मागे जुन्या प्रेसच्या दोन गाठी आहेत. वायदे बाजारात कॉम्प्युटरसमोर बसलेल्या पोरांना हे मी आवर्जून सांगतो.

पट्ट्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. दट्ट्या वर असतानाच बारदान गुंडाळून लोखंडी पट्ट्या ओवायच्या, बकलात अडकवायच्या, मग दाब सोडायचा. दाब सुटला की गाठ फुगते आणि पट्टी ताणली जाते. कच्ची पट्टी तुटली तर चाबकासारखी येते. एका कामगाराचा डोळा गेलेला मी पाहिलाय. या बांधणीच्या हत्यारांचाही मोठा धंदा झाला. शिकागोत १९१३ ला सुरू झालेली सिग्नोड ही कंपनी केवळ पट्टी ताणून तिला कडी दाबण्याच्या हत्यारांवर जगभर पसरली. तिचं नाव म्हणे लॅटिनमधल्या 'मोहोर' आणि 'गाठ' या दोन शब्दांपासून केलेलं आहे. आपल्या 'गठाण' शब्दाची लांबची बहीणच. तिला २०१८ मध्ये डबे बनवणाऱ्या क्राउन कंपनीने विकत घेतलं. कापसाच्या नव्या गाठींना मात्र आता तार किंवा प्लॅस्टिकची पट्टी.

आणि हो, १९७२ ला एकाधिकार योजना आली तेव्हा हे जुने प्रेस रात्रंदिवस चालले. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन निघालं, अनुदानावर नवे प्रेस आले. ते वरून दाबतात, पाण्याऐवजी तेलाच्या दाबावर चालतात, मोजकी माणसं लागतात. रुई स्वच्छ राहते, हे मी पारखी म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. जुन्या प्रेसमध्ये बारदानाचे धागे, केस, विडीची थोटकंही गाठीत जायची. जुनं म्हणून सगळंच चांगलं नव्हतं.

अहिराणी_माय
भाऊ, मना आजा अमळनेरना प्रेसम्हा कामले व्हता. आजी बारदान शिवे. तुमना धागा वाची सन डोळाम्हा पानी उनं.

आजी सांगायची ते मराठीत लिहिते. गाठीचं बारदान शिवायला वीतभर लांब वाकडा सुया असायचा. बायका ओळीने बसायच्या आणि गाणी म्हणत शिवायच्या. आग लागली की सगळ्यात आधी त्यांना बाहेर काढायचे, कारण त्यांच्याभोवती सगळं ताग आणि रुईच. एकदा गाठ आतून दोन दिवस धुमसत होती आणि बाहेरून काही दिसत नव्हतं. आजीला वासावरून कळलं. तिने सांगितलं तरी मुकादमाने ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी गोदाम गेलं. तो सुया आमच्या देवघरात आहे. फोटो काढून टाकते.

यंत्रशाळा_धुळे
धागा उघडल्यापासून दोन गोष्टी केल्या. प्राचार्यांशी बोललो. पूर्ण प्रेस आणणं आम्हाला झेपणार नाही, पाया खणावा लागेल. पण दट्ट्या, एक सिलिंडर, पंप आणि पाटीचा खांब आवारात उभा करायला जागा देतो म्हणाले. भंगाराच्या वजनाचा जो भाव होईल तो माजी विद्यार्थ्यांकडून जमवू. तापीकाठचा, मालक ऐकतील का?

तापीकाठचा
काल मालकांना भेटलो. त्यांचं वय ऐंशी. सुरुवातीला म्हणाले, लोखंडाचं काय कौतुक. मग मी रुईपारखी काकांनी विचारलेलं विचारलं, प्रेस मार्क काय होता? ते आत गेले आणि जुनी वही घेऊन आले. त्यात शाईने उमटवलेला मार्क होता: एक बैल आणि खाली आकडा. त्यांच्या वडिलांनी आपल्या घरच्या बैलावरून काढून घेतलेला. मग तासभर तेच बोलत होते आणि मी ऐकत होतो. दट्ट्या, सिलिंडर आणि खांब ते कॉलेजला देणार आहेत, भंगाराच्या भावाने नाही, तसाच. बाकीचं जाणार. त्याला इलाज नाही, त्यांच्यावर कर्ज आहे.

रावेरच्या ताई, वहीत प्रत्येक गाडीची नोंद आहे: गाव, वजन, कपात. कपातीचा रकाना आहे आणि तो रिकामा नाही. ती पानंही फोटो काढून कॉलेजला देतोय.

आज सकाळी वडिलांना घेऊन प्रेसवर गेलो. रॉकेल, चिंध्या आणि पितळी ब्रश नेला होता. तिसरी ओळ दीड तासाने लागली. तिथे साल नाही, नुसता क्रमांक आहे, त्याचे शेवटचे दोन आकडे गंजाने खाल्लेत. वडील खांबाच्या मागच्या बाजूला गेले आणि मला हाक मारली. तिथे छिन्नीने कोरलेल्या छोट्या खुणा आहेत, एकाखाली एक, अकरा. प्रत्येक मिस्त्री आला की आपली एक खूण करायचा. शेवटची त्यांची आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं.

आखाजीच्या आधीच्या रविवारी खांब उतरवायचा आहे. क्रेन कॉलेजकडून येतेय. साखळ्या, लाकडी ओंडके आणि जाड तागाची पोती लागतील. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि करा, पत्ता देतो. दुपारच्या जेवणाला आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा करायचं ठरवलंय, माणसं किती ते शुक्रवारपर्यंत कळवा.

अहिराणी_माय
मी येस. आजीना सुया बी लई येस.